नाव झाकलं, अक्षर उघडं

शाळेचं नाव मी सांगणार नाही. वारजे म्हणते आहे, पण वारज्यातली कुठली, की मुळात वारज्यातली तरी आहे का, हे कोणी विचारायचं नाही. विचारलंत तर उत्तर मिळणार नाही आणि वर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. मी सातवीला मराठी शिकवते आणि माझ्या तोंडाबद्दल पालकसभेत तक्रारी झालेल्या आहेत. पण हे मी तोऱ्यात लिहीत नाहीये, भीतीने लिहिते आहे. सगळं होऊन बरेच दिवस झाले, तरी अजून शाळेच्या फाटकाबाहेर एखादा नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस थांबलेला दिसला की मी तिथून हलत नाही.

सुरुवात अगदी साधी होती. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. मुलांचे निबंध, कविता, कोडी, सगळं मुलांनीच सुवाच्य अक्षरात लिहायचं, कडेने वेलबुट्टी काढायची, एकच प्रत बांधायची आणि ती स्नेहसंमेलनात टेबलावर मांडायची. पाहुणे ती चाळायचे, "वा वा" म्हणायचे, आणि मग ती कपाटात जायची ती कायमची. त्या कपाटाला वाळवी लागली तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "यंदा ब्लॉग करा. तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना? की नुसतंच बोलता येतं?"

येतो म्हटलं. आणि केला.

मुलांची माहिती बाहेर जाता कामा नये, याबाबत मी पहिल्यापासून कडक होते. ब्लॉगवर शाळेचं नाव नाही, गणवेशाचा रंग नाही, एकाही मुलाचा चेहरा नाही. प्रत्येकाने एका पक्ष्याचं नाव घ्यायचं आणि त्याच नावाने लिहायचं. वर्गात चार दिवस नुसता गोंधळ. घार व्हायला सगळे तयार, कावळा व्हायला कोणी नाही. एका पालकाने मला फोन करून विचारलं, "अहो बाई, आमच्या पिल्लूचं खरं नाव का नाही? एवढं छान लिहिलंय, लोकांना कळायला नको?" मी म्हटलं, "तुमच्या पिल्लूचे आंघोळीपासूनचे सगळे फोटो तुम्ही स्टेटसला ठेवता. लोकांना पुष्कळ कळलेलं आहे. माझ्या ब्लॉगवर थोडी विश्रांती मिळू दे त्याला." तक्रार झाली. होऊ दे म्हटलं.

फक्त एक गोष्ट मी हट्टाने केली. टाइप करायचं नाही, असं ठरवलं. टाइप केलं की सगळी मुलं एकसारखी दिसतात. हस्तलिखिताची गंमत अक्षरात होती, ती जायला नको होती मला. मुलांनी कागदावर लिहायचं, मी त्या कागदाचा फोटो काढून ब्लॉगवर चढवायचा. कोणाची रेघ वर चढलेली, कोणाचा काना लंगडा, कोणाची खाडाखोड. पाहताना इतकं बरं वाटायचं! आणि मराठी शाळेत अक्षराचं कौतुक किती, हे मी कोणाला सांगायला नको. चांगलं अक्षर म्हणजे चांगलं वळण, चांगलं घर, असंच आम्ही मानत आलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर वर्गात एक नवीन मुलगी आली. अबोल. बोलावलं की दचकायची. दाखल्यावर मधलं नाव आईचं आणि आडनाव आईच्या माहेरचं. हल्ली असं असतं, मी काही विचारलं नाही. तिने पक्षी घेतला साळुंकी. मीही तिला इथे साळुंकीच म्हणते.

या साळुंकीचं अक्षर पाहून मी खुर्चीत सरळ बसले. एकसारखं, उभं, एकही ओळ वाकडी नाही. शिरोरेषा सबंध शब्दावर एका हिसक्यात ओढलेली. आणि 'ह' तर असा की त्याची शेपटी आत वळून परत वर यायची, एखाद्या जुन्या पोथीत असावा तसा. निबंधाचा विषय होता 'मला आवडणारा आवाज'. बाकीच्यांनी पाऊस, कोकीळ, कुकरची शिट्टी असलं लिहिलं होतं. हिने लिहिलं, 'दार आतून लावल्यावर कडीचा आवाज होतो, तो मला सर्वांत जास्त आवडतो.' मला ती ओळ भारी काव्यमय वाटली. मी शेरा दिला 'अप्रतिम' आणि कागद ब्लॉगवर चढवला.

त्या कागदाने कहर केला. आमच्या चित्रकलेच्या सरांनी तो फोटो ब्लॉगच्या लिंकसकट शिक्षकांच्या दोन-तीन ग्रुपवर टाकला. तिथून तो सुंदर हस्ताक्षरवाल्यांच्या ग्रुपवर गेला. 'सातवीतली मुलगी! आजच्या काळात असं अक्षर!' म्हणून लोक हात जोडलेली चिन्हं टाकत होते. मी दिवसभर हवेत होते.

मग एका दुपारी मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये बसून मी ब्लॉग उघडला. प्रतिक्रिया आधी माझ्याकडे यायच्या, मी मान्यता दिली तरच त्या दिसायच्या. साळुंकीच्या निबंधाखाली एक नवीन प्रतिक्रिया येऊन थांबली होती. खाली नाव नव्हतं.

'ह ची शेपटी अजून तशीच वळवतेस. शाबास. शाळा कोणती, बाळा?'

मी ते दोनदा वाचलं. वाईट एक शब्द नव्हता त्यात. तरी मान्यतेच्या बटणावरून मी बोट मागे घेतलं. 'अजून' म्हणजे काय? ज्याने हा 'ह' आधी पाहिलाय, असा कोण माणूस आहे ज्याला या मुलीची शाळा माहीत नाही?

मी तिला वर्गाबाहेर बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. तिने वाचलं. दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी तीनदा हाक मारली तरी तिची नजर फाटकावरून हलेना. आई गं, काहीतरी भयंकर झालंय, एवढं मला तेव्हाच कळलं.

आई एका औषधाच्या दुकानात कामाला होती, मी फोन करताच ती तशीच दुकानाच्या कोटावर धावत आली. मी तिला प्रतिक्रिया दाखवली. तिने पदराने नाही, तळहाताने तोंड पुसलं आणि मग इतक्या हळू आवाजात बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"हे तिचे वडील आहेत, बाई. आम्ही येरवड्याच्या बाजूला राहायचो. तिथून पळून आलो आम्ही. बाहेरून माणूस सोन्यासारखा. ऑफिसात सगळी प्रमाणपत्रं तेच लिहायचे, लोक अक्षर बघायला यायचे. तिला अक्षर त्यांनीच शिकवलं. जेवायच्या आधी रोज कित्ता. एक रेघ चुकली की पट्टी. आडवी नाही हं, उभी धरून, बोटांच्या सांध्यांवर. मी मधे पडले की मला. शेवटी माझा हात मोडला तेव्हा निघालो."

"पोलिसात..."

"कोर्टाचा मनाई हुकूम आहे. जवळ यायचं नाही, शोधायचं नाही. म्हणून तर ते उघड विचारत येत नाहीत कुठे. पण बाई, ते दारात उभे राहिले की कागद काय करणार? मागच्या वेळी ते नुसते बोलायला म्हणून आले होते." आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्ही तिचं नाव लपवलंत. चेहरा लपवलात. आणि अक्षर टांगून ठेवलंत?"

कुठल्याही प्रश्नाला तिरकं उत्तर द्यायची सवय असलेली मी मोबाइल हातात घेऊन ब्लॉगच्या पानावर गेले.

त्याच क्षणी तिच्यासमोर मी ब्लॉग बंद केला. पण सगळ्या नोंदींच्या प्रती माझ्या घरच्या लॅपटॉपवर होत्याच, त्या संध्याकाळी बसून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. शिक्षिका म्हणून नाही. तो माणूस वाचेल तशा. आणि वही घेऊन एकेक खूण टिपत गेले. घारीने लिहिलं होतं, शाळेच्या खिडकीतून हायवेचा पूल दिसतो. बुलबुलाने लिहिलं होतं, त्याचे बाबा शाळेसमोरूनच हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये चढतात. घुबडाच्या निबंधात टेकडी होती, पोपटाच्या निबंधात पुलाखालची भाजी मंडई. प्रत्येक कागद सुटा वाचला तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सगळे एकापुढे एक ठेवले की लहान मुलानेसुद्धा नकाशावर बोट ठेवलं असतं. मी अख्खा वर्ग पक्ष्यांची नावं देऊन लपवला होता आणि त्याच पक्ष्यांनी चोची मारून मारून पत्ता सांगून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ब्लॉग बंद केलात ना? मग झालं. कौतुक करणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो हो." मी आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. तेव्हा त्या चष्मा काढून ठेवत म्हणाल्या, "फाटकावर लक्ष ठेवायला सांगते. यापेक्षा जास्त मी काय करू, तुम्हीच सांगा."

काय सांगणार! नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळा सुटताना मी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. बाहेर स्कूटर लावून थांबलेला प्रत्येक बाप मला तोच वाटायचा. हेल्मेटची काच खाली असली की मी जवळ जाऊन बघायचे. एकदा एका माणसाला मी इतकं खोदून खोदून विचारलं की तो भडकला, "अहो, मी पाचवीतल्या मुलाचा मामा आहे, दरोडेखोर नाही!" माफी मागितली, पण त्याचा भाचा येऊन त्याला बिलगेपर्यंत तिथून हलले नाही. साळुंकीची आई रोज तिला स्वतः न्यायला यायची. माझ्याशी बोलायची नाही. दुसरीकडे घर बघते आहे, एवढं एकदा म्हणाली. ती मुलीची तिसरी शाळा होती. माझ्यामुळे चौथी होणार, हे मला दिसत होतं आणि रात्रंदिवस छळत होतं.

असेच काही आठवडे गेले. काही घडलं नाही. भीती थोडी बसत आली.

मला एका प्रशिक्षणाला दोन दिवस जावं लागलं. परत आले त्या सकाळी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता सहज सूचनाफलकाकडे नजर गेली. तिथे एक पत्र लावलेलं होतं. हाताने लिहिलेलं, काळ्या शाईत.

मजकूर वाचण्याआधी मला अक्षर दिसलं. एकसारखं, उभं. शिरोरेषा एका हिसक्यात ओढलेली. आणि 'ह' ची शेपटी आत वळून परत वर.

कप माझ्या हातातून सुटला. फरशीवर चहा, काचा, आणि मी तशीच उभी. पत्रात लिहिलं होतं की आपण एक अक्षरप्रेमी असून परिसरातील शाळांमधून हस्ताक्षर स्पर्धा घेत आहोत. पाचवी ते सातवीच्या मुलांनी खाली दिलेलं एकच वाक्य फळ्यावर बघून एका कागदावर लिहावं. मुलांच्या गोपनीयतेचा विचार करून कागदावर नाव घालू नये, फक्त इयत्ता आणि हजेरी क्रमांक. कागद आपण स्वतः येऊन तपासू आणि एक पेन बक्षीस देऊ.

गोपनीयतेचा विचार करून! माझेच शब्द जणू. आणि यात कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं, कारण पुण्यात शाळेत असली माणसं येतच असतात. कोणी श्लोकांची स्पर्धा घेतं, कोणी सूर्यनमस्कारांची, कोणी नुसतं भाषण ठोकून जातं. आलेल्याला नारळ आणि फूल द्यायचं, ही आमची रीत. त्याला मुलगी दिसण्याची गरजच नव्हती. नाव विचारायचीही गरज नव्हती. तिचा कागद आम्हीच त्याच्या हातात देणार होतो, खाली हजेरी क्रमांक घालून.

चित्रकलेचे सर काचा उचलायला वाकले. मी विचारलं, "ही स्पर्धा कधी आहे?"

"झाली की! आत्ता पहिल्या तासालाच उरकून घेतली. गठ्ठा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलाय. मधल्या सुट्टीच्या आधी ते येणारेत."

मी धावले. पन्नाशीच्या बाईने जिन्यावरून धावणं शोभत नाही, पण शोभेचं बघायला वेळ कोणाला होता? मोठ्या बाई सह्या करत होत्या. मी दार लावून घेतलं आणि धापा टाकत सांगितलं, "ते पत्र त्याच माणसाचं आहे. साळुंकीच्या बापाचं. अक्षर बघा." त्यांनी सहीचं पेन खाली ठेवलं. "पोलिसांना बोलावते."

"नको! पोलीस आले की पहिला प्रश्न, कोणत्या मुलीसाठी? ती इथे आहे हे आपणच त्याला सांगितल्यासारखं होईल. त्याला तेवढंच हवंय. कागद काढून घेऊ द्या मला तिचा, तो हात हलवत परत जाईल."

मी गठ्ठा ओढला. तिन्ही वर्गांचे कागद एकमेकांत मिसळलेले. सगळ्यांवर तेच वाक्य, 'लेखणी हाती घेण्याआधी हात स्वच्छ धुवावेत.' दोनदा 'ह', दोनदा ती शेपटी, मुद्दाम निवडलेली. क्रमांक बघत बसायची मला गरज नव्हती, तिचं अक्षर मी दहा हातांवरून ओळखलं असतं. भराभर उलटत गेले. नाही. शेवटपर्यंत गेले, नाही. उलट बाजूने परत. नाही! मग काय, तो आधीच येऊन घेऊन गेला? की सरांनी कौतुकाने वर काढून ठेवलाय? घाईत माझ्या हातून दोन कागद फाटले. आता क्रमांकच बघावेत म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली, तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि शिपाईमामा म्हणाले, "ते हस्ताक्षरवाले साहेब आलेत."

मोठ्या बाईंनी माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला आणि टेबलावर सरळ करून ठेवला. "पाठवा," म्हणाल्या. आणि मला, "बसा. आणि एकही शब्द बोलू नका. जमेल का?"

तो आत आला. मी राक्षस येईल अशा तयारीत होते. आला तो मध्यम उंचीचा, स्वच्छ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाकून नमस्कार. "आपला अमूल्य वेळ घेतोय." आवाज इतका मऊ की मी खुर्ची जरा मागे घेतली. हाच आवाज रोज जेवायच्या आधी 'कित्ता काढ' म्हणत असेल.

त्याने गठ्ठा पुढे घेतला. प्रत्येक कागद दोन बोटांनी, कडेला धरून उचलायचा, बघायचा, उजवीकडे ठेवायचा. घाई नाही. पंख्याचा आवाज आणि कागदाचा आवाज, दुसरं काही नाही. मी मनातल्या मनात नाही नाही त्या देवांना हाका मारत होते. कोणत्याही क्षणी त्याचा हात थांबेल, तो हसेल, आणि खालचा क्रमांक मोठ्याने वाचेल. मग संपलं. मग त्या दोघींना वारज्यात काय, कुठेच दार आतून लावून झोप येणार नाही.

एका कागदाशी त्याचा हात थांबला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मला तिथून क्रमांक दिसला. तिचाच होता. आणि वर जे अक्षर होतं, ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुठे मोठं, कुठे बारीक, ओळ खाली घसरत गेलेली, 'ह' म्हणजे नुसता गुंता.

"हे काय," तो म्हणाला. "सातवीत आणि असं? याला कोणी हात धरून गिरवायला लावलेलंच नाही." आणि तो कागद त्याने उजवीकडे ठेवून दिला.

मी त्या कागदावरून नजर काढून वर पंख्याकडे बघायला लागले.

गठ्ठा संपला. त्याने तो परत एकदा वरच्यावर चाळला, तेव्हा त्याचा मऊपणा पहिल्यांदा जरा कमी झाला. "सगळी मुलं हजर होती ना आज?"

"होती," मोठ्या बाई म्हणाल्या.

"या भागातल्या एका शाळेचा ब्लॉग होता म्हणे. अचानक बंद झाला. तुमचा तर नव्हे?"

झालं! मोठ्या बाई खोटं बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मी डोळे मिटले. आणि ऐकलं, "ब्लॉग? अहो, आमच्याकडे प्यायचं पाणी वेळेवर येत नाही, ब्लॉग कुठला काढताय!"

तो हसला. माझ्याकडे वळला. "आपण मराठी शिकवता?"

"भूगोल," मी म्हटलं. आयुष्यात भूगोल शिकवलेला नाही.

मग त्याने सातवीतल्या एका मुलाचा कागद निवडला. खरंच सुरेख अक्षर होतं त्या मुलाचं. खिशातलं एक पेन काढून म्हणाला, "वर्गात जाऊन स्वहस्ते देऊ का? मुलांना हुरूप येतो."

"वर्गात आम्ही बाहेरच्या कोणाला सोडत नाही. नियम आहे."

"असं? कधीपासून?"

"आजपासून," मोठ्या बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

त्याने एकवार त्यांच्याकडे, एकवार दाराकडे पाहिलं. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं, नमस्कार केला. "अजून दोन-तीन शाळा राहिल्यात इकडच्या," एवढं म्हणून तो गेला. आम्ही दोघी खिडकीतून बघत राहिलो. मैदान ओलांडलं, फाटकाशी थांबून शिपाईमामांना काहीतरी विचारलं, मामांनी मान हलवली, मग स्कूटर चालू झाली. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या आणि पाणी प्यायल्या. पेन त्यांनी खणात टाकून खण बंद केला. "हे त्या मुलाला द्यायचं नाही. मी दुसरं आणते," म्हणाल्या. पुढे त्या स्वतः साळुंकीच्या आईबरोबर घरगुती हिंसाचाराची प्रकरणं बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या, ते पत्र पुरावा म्हणून देऊन आल्या, आजूबाजूच्या शाळांना फोन केले. सगळं केलं. पण तो माणूस याच शहरात आहे, आणि मधे फक्त नदी आहे.

मी वर्गात गेले. मधली सुट्टी झाली होती, मुलं डबे खात होती. साळुंकी तिच्या बाकावर डबा न उघडता बसली होती. मी तिला व्हरांड्यात नेलं.

"गेले," मी म्हटलं. "काही कळलं नाही त्यांना."

तिने मान हलवली. तिच्या डाव्या हाताची बोटं शाईने माखलेली होती. "सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं तेव्हाच मला कळलं, बाई. हे वाक्य ते मला रोज द्यायचे. सर म्हणाले बोलायचं नाही, स्पर्धा आहे. म्हणून मग डाव्या हाताने लिहिलं. उजव्याने वाईट येतच नाही मला."

मला रडू फुटलं. तिच्यासमोर, भर व्हरांड्यात. ती बिचारी घाबरून इकडेतिकडे बघायला लागली, म्हणून मी नाक पुसलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं की बक्षीस आपल्याच वर्गात आलंय. तिने विचारलं, कोणाला? मी त्या मुलाचं नाव सांगितलं.

तिने दारातून आत त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याजवळ सरकून अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, त्याला घरी कोण शिकवतं?"

'कोणी नाही गं, त्याचं मुळातच छान आहे,' असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी मुलांच्या अक्षरांना शेरे देत आले, आणि हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

मी आत गेले. तो मुलगा पोळीभाजी खात शेजारच्याशी हसत होता. मी त्याच्या बाकाजवळ जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. तेल होतं, शाई होती, बाकी काही नव्हतं. "काय झालं, बाई?" तो म्हणाला. "काही नाही, जेव," मी म्हटलं. आणि हात सोडायच्या आधी परत एकदा पाहिले.